साथीच्या बातमीतील शब्द : ‘उद्रेक’ कशास म्हणावे, ‘विलगीकरण’ कशास?

सौदी अरेबियाहून परतलेल्या चार जणांना करोनाची बाधा झाल्याचे २३ मार्च २०२० रोजी स्पष्ट झाले आणि सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे नाव एका दिवसात राज्यभर पोहोचले. (या शहराचे ‘ईश्वरपूर’ असे नामांतर करण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली.) महिनाअखेरपर्यंत त्याच कुटुंबातील व त्यांच्या निकट संपर्कातील बाधितांची संख्या पंचवीसवर गेली. रुग्णांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात ठेवण्यात आले, शहराचा काही भाग बंद करण्यात आला, घरोघरी तपासणी सुरू झाली. या धावपळीत सांगली-सातारा परिसरातील वाचकांपुढे काही शब्द अचानक येऊन पडले : विलगीकरण, अलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्र, निकट संपर्क, अधिशयन काळ. शब्द रोज छापले जात होते. त्यांचे अर्थ मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने लावले. काही वेळा वृत्तपत्रांनीही.

सर्वांत मोठा गोंधळ ‘विलगीकरण’ या शब्दाने घातला. आजाराचे निदान झालेल्या रुग्णाला इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, परंतु स्वतः आजारी नसलेल्या व्यक्तीला ठरावीक काळ निरीक्षणाखाली वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण; ज्याला सारे ‘क्वारंटाइन’ म्हणत होते ते हेच. पहिला रोगी असतो, दुसरा कदाचित कधीच रोगी होणार नसतो. एका अक्षराच्या या फरकावर बरेच काही अवलंबून आहे. दोघांना एकाच खोलीत ठेवले तर निरोगी माणसाला रोग देण्याची व्यवस्था आपणच केल्यासारखे होते. म्हणूनच रुग्णालयातील विलगीकरण कक्ष आणि शाळा-वसतिगृहांत उभारलेली अलगीकरण केंद्रे वेगवेगळी असणे आवश्यक होते.

शब्दाच्या गल्लतीची झळ सामान्य माणसालाही बसली. मार्च २०२० च्या मध्यापासून राज्यात परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या वेळी वापरतात तशा न पुसल्या जाणाऱ्या शाईने, शिक्के मारले जाऊ लागले. शिक्क्याचा अर्थ ‘या व्यक्तीने ठरावीक तारखेपर्यंत घरी राहावे’ एवढाच होता. शेजारपाजारी मात्र त्याचे वाचन ‘हा रोगी आहे’ असे झाले.

चाळीस दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत

‘क्वारंटाइन’ हा शब्द इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या संख्येवरून आला. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने थैमान घातले असता, आज क्रोएशियात असलेल्या डुब्रोवनिक बंदराने, म्हणजे तेव्हाच्या रागुसा नगरराज्याने, १३७७ मध्ये बाधित प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. त्या आकड्यामागे वैद्यकीय मोजमाप नव्हते.

आज मुदत ठरते ती ‘अधिशयन काळा’वरून. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतचा काळ म्हणजे अधिशयन काळ. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. डेंग्यूत साधारण चार ते दहा दिवस. विषमज्वरात एक ते तीन आठवडे. करोनाच्या आरंभी तो दोन ते चौदा दिवसांचा मानला गेला, म्हणून अलगीकरणही चौदा दिवसांचे ठेवले गेले. पहिल्या टप्प्यात प्रतिबंधित क्षेत्र उठविण्यासाठी सलग २८ दिवस नवा रुग्ण नसण्याची अट होती. तिचे उत्तर याच हिशेबात आहे : चौदाची दुप्पट. शेवटच्या रुग्णाकडून नकळत एखाद्याला बाधा झाली असेल आणि त्याच्याकडून आणखी एखाद्याला, तर ती दोन्ही माणसे या मुदतीत उजेडात यावीत, असा त्यामागील विचार. इस्लामपूरमधील बहुसंख्य रुग्ण एप्रिलच्या मध्यापर्यंत बरे होऊन घरी परतले, तरी निर्बंध लगेच का उठले नाहीत, हा तेव्हा अनेकांना पडलेला प्रश्न या आकड्याने सुटतो.

कायद्याच्या भाषेतील ‘संशयित’

हे सारे शब्द महाराष्ट्राला नवे नव्हते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगचा शिरकाव झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. मात्र त्याने प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि रोगाचा ‘संशय’ असलेल्या व्यक्तींना वेगळे ठेवण्याचे अधिकार प्रशासनाला दिले. पुण्यात या अधिकारांची अंमलबजावणी गोऱ्या शिपायांकरवी घरे धुंडाळून झाली. त्यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. ‘संशयित’ हा शब्द वैद्यकीय तपासणीचा पहिला टप्पा न राहता शिक्षेसारखा वापरला गेला की काय होते, त्याचा तो नमुना होय.

त्याच साथीची दुसरी बाजू सातारा जिल्ह्याशी जोडलेली आहे. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. पुण्याच्या साथीत त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला होता. तेथे रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे, हे त्यांनी शब्दांविना सांगितले.

सातारा जिल्ह्यालाही पुढील काळात प्लेगने ग्रासले. घरात ‘उंदीर पडू लागले’ की गाव उठवून शिवारात झोपड्या घालून राहायचे, ही त्या काळी दख्खनच्या गावांनी अंगी बाणवलेली रीत. उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे विज्ञान प्रस्थापित होत असतानाच, उंदीर मेले की माणसांचा क्रम लागतो, एवढे गावकऱ्यांनी निरीक्षणाने ओळखले होते. आजच्या परिभाषेत याला ‘सर्वेक्षण’ व ‘पूर्वसूचना’ म्हणतात. सरकारी छावणीला भिणारा माणूस स्वतःहून माळावर जाऊन राहत होता, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

१८९७ चा तो कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने पुन्हा हाती घेतला. ‘टाळेबंदी’ हा शब्दही तेव्हाच नव्या अर्थाने रूढ झाला. त्यापूर्वी मराठीत टाळेबंदी होत असे ती गिरण्या-कारखान्यांची, मालकाने कामगारांविरुद्ध केलेली.

साथ, उद्रेक, महासाथ

मराठीत ‘साथ’ म्हणजे सोबतही आणि रोगाचा फैलावही. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आजारासाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण. मात्र प्रत्येक आजार साथीचा नसतो आणि रुग्ण वाढले म्हणजे लगेच साथ आली असेही नसते. एखाद्या भागात एखाद्या आजाराचे वर्षानुवर्षे ठरावीक प्रमाणात रुग्ण आढळत असतील, तर तो आजार तेथे ‘प्रदेशनिष्ठ’ मानला जातो. त्या काळात त्या जागी जेवढे रुग्ण अपेक्षित असतात त्याहून ते स्पष्टपणे अधिक आढळले, की ‘उद्रेक’ म्हणतात. येथे महत्त्वाचा आहे तो ‘अपेक्षित’ हा शब्द. पावसाळ्यात एखाद्या मोठ्या शहरात तापाचे शंभर रुग्ण हा उद्रेक असेलच असे नाही. परंतु देवीचा जगात कोठेही एक रुग्ण आढळला तरी तो उद्रेकच, कारण तेथे अपेक्षित संख्या शून्य आहे. उद्रेक एखाद्या गावापुरता, शाळेपुरता, लग्नाच्या जेवणावळीपुरता असू शकतो. तो मोठ्या भूभागावर पसरला की साथ. अनेक देशांत व खंडांत पसरली की महासाथ. ‘महामारी’ हा जुना शब्दही या अर्थी वापरला जातो. परंतु त्यात ‘मारी’ असल्याने मृत्यूंची भीती आधी येते. व्याप्ती आणि घातकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली ती त्याच्या प्रसारामुळे, प्रत्येक रुग्णाच्या जिवाला धोका होता म्हणून नव्हे.

त्याच वर्षी पाचगणी येथील एका निवासी शाळेत स्वाइन फ्लूचा उद्रेक झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. निवासी शाळा म्हणजे एकत्र निजणे, एकत्र जेवणे. विषाणूला याहून सोयीची जागा नाही. शास्त्रज्ञांनी येथे दोन वेगवेगळ्या मोजण्या केल्या. किती जणांना ताप-खोकल्याची लक्षणे दिसली, ही एक. किती जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने, सापडली, ही दुसरी. संपर्कात आलेल्यांपैकी किती जणांना बाधा झाली याच्या टक्केवारीला ‘बाधा प्रमाण’ म्हणता येईल. या दोन मोजण्या जुळतातच असे नाही. खोकणारा प्रत्येक मुलगा स्वाइन फ्लूचा नसतो आणि ठणठणीत दिसणाऱ्या एखाद्याला तो नकळत होऊन गेलेला असतो. ‘लक्षणविरहित बाधा’ हा शब्दप्रयोग लोकांनी २०२० मध्ये ऐकला, पण त्यामागील कल्पना पाचगणीच्या त्या अभ्यासात होतीच.

वाचकांना बुचकळ्यात टाकणारी आणखी एक जोडी आहे, ‘संसर्गजन्य’ आणि ‘स्पर्शजन्य’ ही. जंतूंच्या शिरकावामुळे होणारा कोणताही आजार संसर्गजन्य. त्यांपैकी माणसाच्या निकट सहवासातून पसरणारे काहीच. हिवताप संसर्गजन्य आहे, पण हिवतापाच्या रोग्याशेजारी बसल्याने तो होत नाही. मध्ये डास लागतो. लेप्टोस्पायरोसिस उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून होतो. अशा रुग्णाचे कपडे-भांडी वेगळी काढणाऱ्या घरांत काळजीपेक्षा गैरसमजच अधिक असतो.

गुहेतील वटवाघळे

जून २०२१ मध्ये ‘महाबळेश्वरात निपाह’ अशा आशयाच्या मथळ्यांनी पर्यटनावर जगणाऱ्या या गावाची झोप उडविली. वस्तुस्थिती अशी होती : राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांपैकी काहींत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. माणसांत रुग्ण आढळल्याचे त्या अहवालात कोठेही म्हटलेले नव्हते.

प्राण्यांकडून माणसांकडे येणाऱ्या आजारांना ‘प्राणिजन्य आजार’ म्हणतात. ज्या प्राण्यात विषाणू त्याला फारसा त्रास न देता दीर्घकाळ वस्ती करून राहतो, तो त्या विषाणूचा ‘आश्रयदाता’. आश्रयदाता सापडणे ही शास्त्रीय पाहणी होय. तो उद्रेक नव्हे. गुहेत न शिरणे, वटवाघळांनी उष्टावलेली फळे न खाणे, एवढाच त्यातून सामान्य माणसाने घ्यायचा बोध होता. मथळ्यात ‘वटवाघळांत’ हा एक शब्द ठळक असता, तर बरेच दूरध्वनी वाचले असते.

याच कारणासाठी शासकीय नोंदींत रुग्णांच्या तीन पायऱ्या केलेल्या असतात. २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार गावपातळीवरील आरोग्यसेविका केवळ लक्षणांवरून नोंद करते, तो ‘संशयित’; डॉक्टर तपासून निदान करतात, तो ‘संभाव्य’; प्रयोगशाळेचा अहवाल येतो, तो ‘निश्चित’. बातमीतील आकडा या तिघांपैकी कोणाचा आहे हे पाहिल्याशिवाय तो भीतीदायक की दिलासादायक, हे ठरविता येत नाही. ‘संशयित मृत्यू’ हा प्रयोग तर सर्रास होतो. मृत्यू झालेला असतो हे निश्चित. संशय असतो तो कारणाचा.

टक्केवारीचा खेळ

आकड्यांच्या शब्दांत ‘मृत्युदर’ हा सर्वाधिक चुकीने वापरला जाणारा शब्द असावा. समजा, एक लाख लोकवस्तीच्या तालुक्यात ५०० जणांना एखादा आजार झाला आणि पाच जण दगावले. रुग्णांपैकी दगावलेल्यांचे प्रमाण एक टक्का झाले. लोकसंख्येच्या हिशेबाने मात्र मृत्युदर लाखात पाच. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. शिवाय सौम्य आजाराचे रुग्ण तपासणीलाच न आल्यास पहिला आकडा फुगतो.

‘बाधित दर’ किंवा ‘पॉझिटिव्हिटी रेट’ हा शब्द सातारा-सांगलीच्या व्यापाऱ्यांना वेगळ्या कारणाने पाठ झाला. तपासलेल्या नमुन्यांपैकी किती टक्के बाधित निघाले, हे तो सांगतो. गावातील किती टक्के लोक आजारी आहेत, हे नव्हे. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने हा दर आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर या दोन निकषांवर जिल्ह्यांचे पाच स्तर केले. दर पाच टक्क्यांखाली आणि खाटांचा वापर २५ टक्क्यांखाली असेल तर पहिला स्तर, दर वीस टक्क्यांवर गेला तर पाचवा. ऑगस्टच्या आरंभी राज्यातील बहुतेक भागांत दुकानांना रात्री आठपर्यंत मुभा मिळाली, तेव्हा निर्बंध कायम राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा, सांगली आणि शेजारचे कोल्हापूर हे तिन्ही होते. येथील शटर दुपारी चारलाच खाली येत राहिले.

त्या दिवसांत बाजारपेठांत एक युक्तिवाद ऐकू येई : तपासण्या कमी करा, रुग्ण कमी दिसतील. रुग्णांची संख्या कमी दिसेल हे खरे. पण दर वाढेल. केवळ लक्षणे असलेल्यांचीच तपासणी झाली तर त्यांत बाधित जास्त निघणारच. उलट धडधाकट माणसांच्या तपासण्या भरमसाट वाढविल्या तर दर खाली येतो, आजार मात्र तेवढाच राहतो. म्हणजे एकटा हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो.

पूर ओसरल्यावर

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेच्या पुराने सांगलीत हाहाकार केला. पूर ओसरला की आरोग्य विभागाची एक निराळीच शब्दावली गावोगाव ऐकू येते. आणि ती पुस्तकी नसून कामाची आहे. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त पावडर. साधारण एक हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम, असे तिचे प्रमाण ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला तोंडपाठ असते. पावडर टाकल्यावर पाणी किमान अर्धा तास तसेच राहू द्यावे लागते. ही अर्ध्या तासाची अट घाईत वगळली जाते आणि तेथेच घात होतो. नंतर होते ती ‘ओटी चाचणी’. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. ही शिल्लक लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवी. टाकीजवळ पिवळा रंग आणि वाडीच्या शेवटच्या नळाला रंगच नाही, असे झाले तर मधल्या वाहिनीत कोठेतरी गटाराचे पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. म्हणून चाचणी शेवटच्या नळालाच करावयाची.

चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच औषध दिले जाते. आजार होण्यापूर्वीचे हे औषध ‘प्रतिबंधात्मक’. ते लस नव्हे. लस शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती उभारायला शिकविते आणि ती टिकते. औषधाचा परिणाम गोळी शरीरात असेतोवरच. दोन्हींना ‘डोस’ म्हणण्याची सवय असल्याने एक गोळी घेतली की पुढच्या पुरापर्यंत निश्चिंत, असा समज होतो.

‘कोरडा दिवस’ म्हटले की शहरी वाचकाला निवडणूक आणि दारूबंदी आठवते. आरोग्य खात्याचा कोरडा दिवस म्हणजे आठवड्यातून एकदा घरातील पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवणे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. तो फेरा मध्येच तोडायचा असल्याने आठवड्याचे अंतर ठरले. अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात आणि कोरडीही तग धरतात, म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही, घासणे भाग आहे. धुराची फवारणी उडत्या डासांवर चालते, पाण्यातील अळ्यांवर नाही. नगरपालिकेकडे सर्वाधिक मागणी मात्र धुराचीच असते, कारण धूर दिसतो.

पाण्याच्या स्रोतांची पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, होते आणि तिच्या निकालावर ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. लाल म्हणजे तीव्र जोखीम, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या आणि त्या काळात जलजन्य साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड दिले जाते. हिरव्या कार्डाचा अर्थ पाणी आज शुद्ध आहे असा नाही. विहिरीभोवती कठडा आहे का, वाहिनीला गळती आहे का, टीसीएलचा साठा आहे का, यांची ती नोंद असते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे ग्रामपंचायतीत विचारता येते.